डाव्या गुडघ्याचा रंग

प्रिय दादा,

तीन कागद फाडून झाले, हा चौथा. तिन्हींची सुरुवात 'तू कसा आहेस' अशी होती आणि त्यापुढे हातच चालेना. म्हणून या पत्रात ते विचारतच नाही. सरळ बातमी सांगते. आपल्या त्या कॉम्प्युटरवरच्या लढाईच्या खेळातले रंग जाणार आहेत. आज शनिवार. येत्या नाही, त्यापुढच्या सोमवारी सकाळी नऊ वाजता सगळ्या चिलखतांवरचे जुने रंग पुसले जातील आणि प्रत्येकाला नवे, ठरवून दिलेले रंग मिळतील. ऑफिसला सुट्टी आहे, तरी मी इथल्या जेवणाच्या खोलीत खिडकीजवळच्या टेबलावर बसून लिहितेय. घरी लिहायला बसले की आई शेजारी येऊन बसते आणि काही विचारत नाही. तिने विचारलेलं परवडतं.

तुला त्या सरकवायच्या पट्ट्या आठवतच असतील. एक रंगाची, एक उजेडाची, एक चकाकीची. छातीला वेगळ्या, खांद्यांना वेगळ्या, डाव्या पायाला वेगळ्या, उजव्याला वेगळ्या. तू लढाईपेक्षा जास्त वेळ त्या पट्ट्या केसभर इकडे, केसभर तिकडे करण्यात घालवायचास. बाबा मागून जाता जाता म्हणायचे, 'शत्रू आला, चहा पिऊन गेला, याचं रंगकाम अजून चाललंय.' आता त्या पट्ट्या नाहीत. चौसष्ट ठरलेले रंग असतील, त्यांचे तयार संच असतील आणि दोन्ही पायांना मिळून एकच रंग. कारणं बरीच सांगितली गेली. लोक काळ्यात काळं कालवून भिंतीच्या सावलीत दिसेनासे होतात, हे तर खरंच आहे. तयार संच विकता येतात हे त्याहून खरं आहे. पण जुन्या रंगांना वाऱ्यावर सोडता येत नाही, म्हणून प्रत्येक जुन्या रंगाला नव्यांपैकी सगळ्यांत जवळचा रंग नेमून देणारा तक्ता करायचा ठरलं. तो कुणी केला असेल सांग. मीच, तू जिला मोजपट्टी म्हणायचास तिने.

माझं इथलं काम तू घरी असतानाच सुरू झालं होतं, पण ते मी तुला कधी नीट सांगितलं नाही. मी खेळ बनवत नाही, रंग तपासते. ज्यांना लाल-हिरव्यातला फरक कळत नाही त्यांना दोन्ही बाजूंचे सैनिक वेगळे दिसतात का, बर्फात, धुरात, तळघरातल्या पिवळ्या दिव्याखाली चिलखत तितकंच ओळखू येतं का, हे बघत बसते. इथल्या लोकांना वाटतं मी हे कुठल्यातरी मोठ्या महाविद्यालयात शिकले. त्यांना काय सांगू? छातीच्या दुखण्यामुळे नऊ वर्षांची होईपर्यंत मला शाळाच नव्हती. आकडे आईने शिकवले, ओट्यावर पिठात बोट फिरवून. अक्षरं तू शिकवलीस, तीही रंगाच्या डब्यांवरून. माझ्या आयुष्यात मी वाचलेलं पहिलं वाक्य 'आगीपासून दूर ठेवा' हे आहे आणि मी ते बऱ्यापैकी पाळत आलेय. रंग बाबांनी शिकवले, आपल्या शेडमध्ये गिऱ्हाइकांच्या गाड्या रंगवता रंगवता. नमुन्याची पट्टी गाडीच्या पत्र्याशेजारी धरायची, आधी उन्हात, मग ट्यूबलाइटखाली, मग पिवळ्या बल्बखाली, आणि जुळली तर दर उजेडाला पट्टीच्या मागे एक खूण करायची. 'उन्हात जुळे वाटतात ते पिवळ्या दिव्याखाली चुलतसुद्धा निघत नाहीत,' हे बाबांचं वाक्य मी इथे एका बैठकीत बोलून दाखवलं, तर सगळ्यांनी लिहून घेतलं.

आणि अकरावा. त्या निवृत्त मास्तरांची जुनी गाडी, ना हिरवी ना राखाडी, डब्यांवरच्या कुठल्याच आकड्यात न बसणारी. बाबांनी दहा पट्ट्या फेकल्या. अकरावी तू मिसळलीस, पिवळ्याचा एक थेंब टाकून. बाबांनी ती स्वतः तिन्ही उजेडांत फिरवली आणि 'हं' म्हणाले. बाबांचं 'हं' म्हणजे दुसऱ्या कुणाचे हारतुरे. त्या दिवशी जेवण अर्धं टाकून तू खेळातल्या तुझ्या चिलखताची छाती आणि खांदे अकराव्याने रंगवलेस, हात गडद तपकिरी केलेस आणि डावा गुडघा प्रायमरच्या, रंगाआधीच्या अस्तराच्या, फिक्या करड्यातच ठेवलास. मी म्हटलं, दादा, हा राहिला. तू म्हणालास, राहू दे, रंगाऱ्याच्या घरात एक भिंत कायम बाकी असते.

तू घर सोडून गेलास त्याला चौदा महिने झाले. पहिल्या आठवड्यात तुझा एक निरोप आला, 'आईला सांग, बरा आहे', आणि नंतर नंबर बंद. तिसऱ्या आठवड्यात मी कामाचा भाग म्हणून एक चालू लढाई बघत होते. जळक्या पुलाचं ते मैदान, जिथे धुरात रंग मार खातात. त्या धुरातून अकरावा आला. मी आधी गुडघ्याकडे बघितलं. डावा, करडा. खेळात आता नावं दिसत नाहीत हे तुला माहीतच आहे, शिवीगाळ फार व्हायला लागल्यावर कंपनीने नावंही काढली आणि बोलणंही काढलं. उरले सहा हातवारे आणि अंगावरचे रंग. पण मला नाव कशाला हवं होतं? तोंड धुऊन आले आणि आईला फोन केला की दादा दिसला, बरा आहे. आई म्हणाली, 'वाळलाय का गं?' चिलखतात माणूस वाळलेला दिसत नाही हे तिला कसं सांगायचं! मी म्हटलं, नाही, आहे तसाच आहे.

तेव्हापासून मी दारात चपला काढत असताना ती 'आज?' एवढंच विचारते. मी 'दिसला' म्हटलं की ती स्वयंपाकघरात परत जाते आणि भांड्यांचा आवाज जरा मोकळा होतो. एकदा मी सांगून बसले की तू सगळ्यांच्या पुढे धावतोस. झालं, दोन दिवस तिला चैन नाही. 'त्याला म्हणावं जरा मागे राहा. बाकीच्यांना काय पाय नाहीत?' बाबा ऐकत नसल्याचं दाखवतात. पण मी बोलायला लागले की रेडिओचा आवाज कमी होतो, आणि आपला रेडिओ आपण होऊन कमी होणाऱ्यांतला नाही.

सात महिन्यांपूर्वी मी एक धाडस केलं. कामाचे तास संपल्यावर माझं स्वतःचं चिलखत घेऊन खेळात उतरले. सगळं अंग प्रायमरचं आणि उजवा गुडघा अकराव्याचा, म्हणजे तुझं उलटं. मला वाटलं तू बघशील आणि तुला कळेल. तीन दिवस हिंडले, चार वेळा मेले, तुला माहीत आहे मला लढता येत नाही. चौथ्या दिवशी धरणाच्या भिंतीवर तू समोर आलास. मी हात हलवला. तूही हलवलास. मी खाली बसले, तू क्षणभर थांबलास, तूही बसलास. मग तुझ्या बाजूचे लोक पुढे गेले आणि तू उठून त्यांच्यामागे पळालास. मी घरी येऊन हे सगळं जसंच्या तसं सांगितलं. आईने माझ्याकडून ते बसणं करून दाखवून घेतलं. खुर्चीवरून उठून, जमिनीवर, एक पाय दुमडून. बाबा दारात उभे होते. म्हणाले, 'कुठला पाय दुमडला होता?' मी म्हटलं, उजवा. ते हात पुसत शेडकडे गेले.

आता तक्त्याचं सांगते. नव्या चौसष्टांत अकरावा नाही. कसा असणार? तो बाविसाव्या शेवाळीच्या आणि तेविसाव्या राखी रंगाच्या मधे पडतो. यंत्र म्हणतं राखी जवळचा. माझा डोळा म्हणतो शेवाळी. इतर हजारो रंग मी पटापट वाटले, या एका रंगापाशी दोन दिवस बसले. शेवटी न राहवून बाबांना विचारलं, नुसतं सहज विचारल्यासारखं, की मास्तरांच्या गाडीचा रंग तुम्ही हिरव्यात धराल की राखाडीत? बाबा एका बंपरला पॉलिश पेपर मारत होते. मारत राहिले. मग म्हणाले, 'त्यात पिवळा आहे एक थेंब. तो कुठेच बसत नाही.' आणि थोड्या वेळाने, पेपर पाण्यात बुडवत, माझ्याकडे न बघता, 'दोन दिवस झाले, तू त्याचं काही सांगितलं नाहीस.'

मी सांगितलं नव्हतं, कारण तोवर मला एक आकडा दिसला होता. तक्ता करताना प्रत्येक रंगजोडणी समोर येते आणि तिच्यापुढे ती किती चिलखतांवर आहे तो आकडा असतो. नावं नसतात, नुसते आकडे. मी अकराव्याची ओळ उघडली. छाती आणि खांदे, तपकिरी हात, डावा गुडघा प्रायमर, सगळं हुबेहूब. पुढे मला एक दिसायला हवा होता. तिथे तीनशे सात होते.

दादा, हे माझ्यामुळे झालं. दहा महिन्यांपूर्वी मीच सुचवलं होतं की ज्यांना रंग नीट कळत नाहीत त्यांना पट्ट्या सरकवायला लावणं बरं नाही. त्यांनी समोरच्या कुणाकडेही बोट दाखवावं, 'याच्यासारखं' म्हणावं आणि तेच रंग आपल्या अंगावर घ्यावेत. एक बटण. माझं कौतुक झालं, विभागप्रमुख बाईंनी सगळ्यांसमोर नाव घेतलं. ज्यांच्यासाठी केलं त्यांनी ते वापरलं, आणि बाकीच्यांनीही वापरलं. कुणीतरी तुला बघितलं असणार, त्याला तो अर्धवट गुडघा आवडला असणार, त्याच्यावरून दुसऱ्याने घेतला असणार. खेळणाऱ्यांच्या गप्पांत त्याला 'राहिलेला गुडघा' म्हणतात, हे मला आता कळलं. ती एक फॅशन आहे. धरणाच्या भिंतीवर माझ्यासमोर बसलेला तीनशे सातांपैकी कुणीही असेल. बसल्याला बसणं हा खेळातला नुसता शिष्टाचारही असेल. जळक्या पुलावरचा तू होतास, ते बटण यायच्या आधीचं आहे, त्याची मी शपथ घेईन. बटण आल्यानंतरच्या एकाही दिवसाची मला शपथ घेता येत नाही. आणि तक्त्याचे ते दोन दिवस सोडले तर त्यातल्या प्रत्येक दिवशी मी आईला 'दिसला' म्हटलंय.

तुझं खेळातलं जुनं नाव मला माहीत आहे. ते नोंदीत टाकलं तर तू शेवटचा कधी आलास ते एका मिनिटात कळेल. पण खेळणाऱ्यांच्या नोंदी आपल्या खासगी कामासाठी उघडायच्या नाहीत, यावर आम्ही सगळ्यांनी सही केली आहे. मी अर्ज केला. नाव नको, गाव नको, काही नको, फक्त एक तारीख द्या, असा. उत्तर सभ्य होतं. नियमात बसत नाही, कुटुंबाने पोलिसांकडे जावं. पोलिसांकडे गेले. तिथल्या हवालदाराने माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, 'सज्ञान माणूस, भांडून गेला, बरा आहे म्हणून निरोप पाठवला. यात तक्रार कशाची लिहू, ताई?' नोंद करतो म्हणाला आणि वही उघडायच्या आधी पेन शोधायला लागला.

आमच्याकडे एक जण आहे, तिशीही गाठली नाही, पण सारखे सल्ले देतो म्हणून सगळे त्याला काका म्हणतात. त्याला कामासाठी नोंदी बघायची मुभा होती. तो म्हणाला, 'तू नको बघूस. मी बघतो आणि तुला तारीख सांगतो. तू काही विचारलं नाहीस, मी काही बोललो नाही. जगबुडी होत नाही एका तारखेने.' मी नाही म्हटलं. दुसऱ्या दिवशी त्याने पुन्हा विचारलं, मी पुन्हा नाही म्हटलं. उगाच नाही, मनात दोन्ही बाजू मांडून, माझ्यामुळे त्याची नोकरी जाईल हे धरून, सही म्हणजे सही हे धरून. चार दिवस मी मापं घेत बसले. पाचव्या दिवशी सकाळी त्याच्या टेबलाशी जाऊन म्हटलं, काका, बघ. त्याने स्क्रीन माझ्याकडे वळवली. रंग बदलायच्या कामासाठी आदल्या संध्याकाळी जुन्या नोंदी कुलूपबंद झाल्या होत्या. आता त्या सोमवारनंतर तीन सह्यांनी उघडतील, आणि त्या तीनांत काका नाही. 'कालच विचारायचंस गं,' एवढंच तो म्हणाला. त्या दिवशी त्याने कुणालाही सल्ला दिला नाही.

मग मी दुसरीकडून शोधत निघाले. बाबा जिथून रंग घेतात त्या दुकानदाराला विचारलं, त्याने आणखी एकाला विचारलं, आणि घर सोडल्यावर तू काम करत होतास त्या गॅरेजचा नंबर मिळाला. मालक बोलायला चांगले वाटले. म्हणाले, 'हात सोन्याचा, पण माणूस अबोल.' मला रडू आलं आणि हसूही आलं, कारण घरी तुझं तोंड बंद करायला आईला घास भरवावा लागायचा. ते म्हणाले की पाच महिन्यांपूर्वी तू पंधरा दिवसांत येतो म्हणून गेलास आणि आला नाहीस. तुझी स्प्रे गन तिथेच आहे, धुऊन, सुटी करून, तिच्या पेटीत ठेवलेली. त्यांनी ती कुणाला वापरायला दिलेली नाही. मी 'बरं' म्हटलं आणि फोन ठेवला. हे मी बाबांना सांगितलेलं नाही. रंगारी पाच महिने गनशिवाय आहे म्हटल्यावर ते काय समजतील, ते मला माहीत आहे, आणि मीही तेच समजत नाहीये असं स्वतःला सांगत असते. हे पत्र मालकांच्या पत्त्यावर पाठवतेय. ते त्या पेटीत ठेवतो म्हणालेत.

आता ते लिहिते, जे पहिल्या कागदावरच लिहायला हवं होतं. त्या दाताच्या डॉक्टरीणबाईंची मोतिया पांढरी गाडी. तू फक्त दार रंगवलं होतंस. संध्याकाळी त्या गाडी घेऊन परत आल्या, पेट्रोलपंपाच्या पिवळ्या दिव्यांखाली दार गुलाबी दिसतं म्हणून. गिऱ्हाईक उभं, शेजारचा टायरवाला उभा, आणि बाबा सगळ्यांसमोर म्हणाले, 'डोळे काय गहाण टाकलेस? ज्याला पांढरं दिसत नाही त्याने गन हातात घेऊ नये.' मग त्यांनी विचारलं, पट्टी कुठे आहे? तू म्हणालास, 'केलीच नाही.' बाबांना राग दाराचा नव्हता, या वाक्याचा आला. पट्टी न करता रंग मारणं म्हणजे आपल्या घरात काय, ते तुला मी सांगायला नको. पण पट्टी होती, दादा. सकाळी मीच ती उजेडांत फिरवली होती. उन्हात जुळली, ट्यूबखाली जुळली. पिवळा बल्ब आदल्या दिवशी गेला होता. नवा आणायला कोपऱ्यावर जावं लागलं असतं आणि माझी ऑफिसची बस चुकली असती. दोन उजेडांत जुळलंय तर तिसऱ्यात जुळणारच असं म्हणून मी तिसरी खूण केली आणि पट्टी खिळ्याला अडकवली. तू ती खिळ्यावरून काढून खिशात घातलेली मी पाहिली. बाबांनी माझी खूण पाहू नये म्हणून तू ती घातलीस. मी तिथेच उभी होते, डबे पुसत. तोंड उघडायला एक क्षण पुरला असता. मी डबा पुसत राहिले. तू मास्क काढून खुंटीला अडकवलास आणि बाहेर पडलास. तेव्हा मला वाटलं, कोपऱ्यापर्यंत जाऊन येशील.

आणि आता हे पत्र का, ते. 'दादा बरा आहे' हे वाक्य तू एकदाच पाठवलंस. मी ते या घरात तुला न विचारता चारशे वेळा वापरलं. त्या सोमवारनंतरही मला ते चालवता येईल. आईला चौसष्ट रंग कुठे माहीत आहेत? आता तो दुसऱ्या रंगात असतो म्हटलं की ती त्या रंगाचीही काळजी करायला लागेल. ती विश्वास ठेवेल, याचीच मला भीती वाटते. म्हणून पुढच्या रविवारी सकाळी, चहा झाला की, मी दोघांना समोर बसवून दोन गोष्टी सांगणार आहे. बाबांना ती तिसरी खूण. आणि आईला हे, की तू बरा आहेस की नाही ते मला माहीत नाही, आणि गेले कित्येक महिने माहीत नव्हतं. पहिली गोष्ट तू माझ्यासाठी झाकलीस, दुसरी तुझ्या नावावर मी खपवली. दोन्ही उघड करायच्या आधी तुला कळवणं भाग होतं. पत्र पोचायला चार दिवस लागतात म्हणून रविवारपर्यंत थांबतेय. माझा नंबर तोच आहे. बोलायचं नसेल तर बोलू नकोस, नुसता वाजव आणि ठेव. रविवार उलटून गेल्यावर हे हातात पडलं तरी वाजव, वर्षाने पडलं तरी वाजव. मी आईला सांगून बसलेली असेन की मला माहीत नाही. दादा, मला खोटी पाड.

तुझीच,
मोजपट्टी